ट्रॉलीतला काटा कोणासाठी? विश्रामबागेतल्या स्मार्ट ट्रॉलीच्या तीन फेऱ्या

मी ३४ वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांचे मोठे प्लॅटफॉर्म काटे, गणपती पेठेतल्या किराणा दुकानांचे टेबल काटे, सराफ कट्ट्यावरचे नाजूक काटे, सगळे या हाताखालून गेले. त्यामुळे आमच्या विश्रामबाग भागातल्या एका किराणा मार्टमध्ये ‘वजन ओळखणाऱ्या’ ट्रॉली आल्यात असं सूनबाईनं सांगितलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी गेलो. नंतर आणखी दोनदा गेलो. तीन फेऱ्यांत मिळून नऊ हजारांच्या आसपास किराणा झाला. जे बघितलं ते सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. प्रयोग अजून चालू आहे, मालक ऐकून घेणारे आहेत आणि ट्रॉली बनवणारी चार मुलं इथंच शिकलेली आहेत. त्यांना सुधारायला वाव मिळायला हवा.

ट्रॉली दिसायला नेहमीसारखीच, जाळीची. हँडलवर मोबाईलपेक्षा मोठा स्क्रीन, त्याखाली बारकोड वाचणारा लाल उजेड, आणि उजव्या बाजूच्या दांडीवर एक छोटा दिवा. वस्तू उचलायची, बारकोड उजेडासमोर धरायचा, टुक् असा आवाज आला की नाव आणि किंमत स्क्रीनवर उमटते, मग वस्तू आत ठेवायची. ठेवली की तळातला काटा वजन घेतो आणि त्या वस्तूच्या नोंदीतल्या वजनाशी ताडून बघतो. जुळलं तर दिवा हिरवा, नाही जुळलं तर लाल. शेवटी स्क्रीनवर क्यूआर येतो, फोनवरून पैसे भरले की दारातून बाहेर. रोख देणाऱ्यांनी काउंटरवर जायचं, पण तिथं पुन्हा एकेक वस्तू काढून मांडावी लागत नाही. ट्रॉलीचा नंबर सांगितला की बिल हातात.

पहिल्या दिवशी बारापैकी दहा ट्रॉली भिंतीला लागून तशाच उभ्या होत्या आणि लोक साध्या बास्केटी घेऊन फिरत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं घडीच्या खुर्चीवरून पहिली ट्रॉली बनवली, तेव्हाही लोकांनी ती घेतली नव्हती. बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे झाल्या. तरुणांना वाटलं, टोपली उचलायची ताकद नाही असं दिसेल. शेवटी त्यानं पगार देऊन माणसं नेमली आणि त्यांना दुकानभर गाड्या ढकलत फिरवलं, तेव्हा कुठं बाकीच्यांनी हात लावला. इथल्या मालकांनी तसं केलं नाही. दारात एक मुलगी उभी केली आहे, ती येणाऱ्याला पहिली वस्तू स्वतः स्कॅन करून दाखवते. हे त्याहून बरं वाटलं.

पहिल्या फेरीला सौ. बरोबर होती. तूरडाळ, साखर, जाडे पोहे, सगळं हिरवं. तिला गंमत वाटत होती. मग तिनं सवयीनं खांद्यावरची पर्स काढून ट्रॉलीत ठेवली आणि साबुदाण्याच्या रॅककडे वळली. ट्रॉली जोरात वाजायला लागली, दिवा लाल झाला आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘अनधिकृत वस्तू आढळली. कृपया मदतनिसाची वाट पाहा.’ आजूबाजूचे चार-पाच जण वळून बघायला लागले. त्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई होत्या. मदतनीस मुलगा आला. भला होता, हळू आवाजात म्हणाला, “काकू, पर्स जरा बाहेर घेता का?” तिनं घेतली. दिवा हिरवा झाला. पण ती त्यानंतर ट्रॉलीच्या मागून चालायला लागली, हँडलला हात लावेना. घरी येईपर्यंत बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, “इतक्या वर्षांत कुठल्या दुकानात माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं हो.”

मला ते फार लागलं. बाजाराला गेलेल्या बाईच्या हातात पर्स असते, एखादी भाजीची पिशवी असते, पाण्याची बाटली असते, कधी नातवंड असतं. हे सगळं ट्रॉलीत जाणारच. ट्रॉलीची आखणी करताना ही पहिली गोष्ट डोळ्यांसमोर हवी. काट्याच्या धंद्यात याला अगदी जुना इलाज आहे. रिकाम्या डब्याचं वजन आधी वजा करतात, त्याला टेअर म्हणतात. स्क्रीनवर ‘माझं सामान ठेवतोय’ असं एक बटण दिलं की पर्सचं वजन वजा होऊन बाजूला राहील. त्याहून सोपं म्हणजे काट्याला न जोडलेल्या बाहेरच्या चौकटीवर एक हुक. आणि शब्द. ‘अनधिकृत’ हा शब्द तहसील कचेरीत ठीक आहे. आधी विचारावं, ‘पिशवी ठेवलीत का?’ मग मदतनिसाला बोलवावं.

हे सगळं एका कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी मालकांना देऊन आलो. त्यांच्या वडिलांचं दुकान गणपती पेठेत होतं आणि तिथला काटा मी वर्षानुवर्षं सांभाळला होता, म्हणून ओळख निघाली. ते म्हणाले, “तुम्हीच एकदा तपासून बघा की काका. त्या पोरांनाही बोलावतो.”

म्हणून दुसरी फेरी मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना. घरातली तपासणीची वजनं पिशवीतून नेली होती, २०० ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. चारपैकी दोन मुलं आली होती. त्यांनी ट्रॉलीचा तळ उघडून दाखवला. चार कोपऱ्यांत चार लोड सेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोड सेल म्हणजे धातूचा एक ठोकळा. मधे भोक पाडून तो एका जागी मुद्दाम बारीक केलेला असतो, आणि त्या बारीक जागेवर धातूच्या केसाएवढ्या रेघांची एक पट्टी चिकटवलेली असते. वजन पडलं की ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. त्याबरोबर पट्टी ताणली जाते आणि तिच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. तो किंचित बदल म्हणजे तुमचं वजन. किराणा दुकानातला टेबल काटा आतून असाच असतो. फरक एवढाच की टेबल काटा एका जागी बसतो आणि ट्रॉलीतला काटा दिवसभर फरशीवरून धावतो.

एक किलोचं वजन मधोमध ठेवलं. एक किलो बरोबर. डाव्या पुढच्या कोपऱ्यात १.००५. उजव्या पुढच्या कोपऱ्यात एक किलो. हँडलजवळ ०.९९०. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. जुन्या तराजूला पासंग असायचा, म्हणजे एक पारडं मुळातच थोडं जड. इलेक्ट्रॉनिक काट्याचा पासंग कोपऱ्यात लपतो. हँडलजवळच्या दोन सेलच्या बोल्टना दुसऱ्या बाजूंपेक्षा जास्त ताण दिला होता, आणि स्क्रीनची वायर तळाच्या पत्र्याला घासत होती. काट्याच्या पाटाला काहीही चिकटून चालत नाही. वायर, जाळी, प्लॅस्टिकची कड, काहीही नाही, कारण थोडं वजन त्या वायरीवर पडतं. वायर सैल केली, बोल्ट सारखे केले, तेव्हा चारही कोपरे पाच ग्रॅमच्या आत आले. बाराही ट्रॉलींना हे करायला सांगितलं.

मग ट्रॉली भाजीच्या विभागाकडं नेली. तिथं फरशी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून उतार आहे. काटा तिरपा झाला की वजन कमी दाखवतो. पाच अंशांच्या उतारावर दहा किलोचा माल जवळजवळ ४० ग्रॅमनं हलका दिसतो. इथला उतार तेवढा नाही, पण रॅकच्या टोकाला पुढची चाकं जाळीच्या झाकणावर चढतात तेव्हा आकडा घसरताना मी डोळ्यांनी बघितला. मुलांनी एक गोष्ट मात्र शहाणपणानं केली आहे. ट्रॉली चालत असताना काटा वाचतच नाही, दोन सेकंद स्थिर उभी राहिली की मगच वाचतो. नाहीतर दर फरशीच्या सांध्याला लाल दिवा लागला असता.

पाण्याचं मी त्यांना आवर्जून सांगितलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली आणि गणपती पेठेतली दुकानं पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मी कित्येक दिवस फक्त गाळातले काटे उघडत होतो. कीपॅड गेलेले, बॅटऱ्या फुगलेल्या, सर्किटवर चिखलाची पुटं. पण ज्या लोड सेल पूर्ण सीलबंद होत्या, त्या धुऊन वाळवल्यावर पुन्हा बोलायला लागल्या. ट्रॉलीला महापूर नको, तेलाची एक गळकी पिशवी आणि रोजचं फरशी पुसण्याचं पाणी पुरेसं आहे. यांच्या ट्रॉलीत चारही सेलच्या वायरी ज्या डबीत एकत्र येतात ती डबी तळाशी उघडी होती. ती आता बंद केलीय, रबर लावून.

आता या काट्याची मर्यादा. आकडा पाच-पाच ग्रॅमनं सरकतो. दुकानातल्या काट्यांसाठी आमच्याकडं साधा नियम असतो, सर्वांत लहान खुणेच्या वीसपटीखालचं वजन त्या काट्यावर विश्वासानं करू नये. म्हणजे इथं १०० ग्रॅमच्या खाली भरवसा नाही. मी वेलदोड्याची दहा ग्रॅमची पुडी स्कॅन न करता आत टाकली. दिवा हिरवाच. जिरं ५० ग्रॅम टाकलं तेव्हा लाल झाला, पण एकदा झाला आणि एकदा नाही झाला. म्हणजे महागाच्या वेलदोड्याचा ट्रॉलीला पत्ता नाही, आणि घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीवर मात्र ती बोंब मारते. वेलदोडा, केशर, जायफळ असला बारीक आणि महाग माल काउंटरवरच ठेवा, असं मी मालकांना सांगितलं. एका मुलानं रेडिओ टॅगचं काढलं, म्हणजे प्रत्येक वस्तूला चिकटवायची चिप. कपड्यांच्या दुकानात ते छान चालतं. किराण्यात तेलाचे डबे असतात, पाण्याच्या बाटल्या असतात. धातू त्या लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. शिवाय दहा रुपयांच्या बिस्किटपुड्याला चिप लावून दुकानदाराच्या हातात काय राहणार? ते त्यालाही पटलं.

आणि मग शेंगदाणे. हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर या शेंगदाण्यांमुळे.

दुकान स्वतः पॅक करतं ती एक किलोची शेंगदाण्याची पिशवी मी घेतली, घरच्यासाठीच. स्कॅन केली, आत ठेवली. लाल दिवा. ‘वस्तू जुळत नाही. स्कॅन केलेलीच वस्तू ठेवा.’ काढली, पुन्हा स्कॅन केली, पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. मदतनीस मुलगा आला आणि त्यानं जे केलं ते रोज करत असणार इतक्या सहज केलं. स्क्रीनवर बोट ठेवून ‘मान्य’ दाबलं. “काका, कधी कधी असं होतंय ओ, तुम्ही घ्या.” मी म्हटलं, “थांब बाळ. आकडा किती आहे तो दाखव.” आकडा ग्राहकाला दिसतच नव्हता. मुलांनी त्यांच्या पासवर्डनं उघडून दाखवला. नोंदीत १,००६ ग्रॅम, म्हणजे किलोभर दाणे आणि सहा ग्रॅमची पिशवी. ट्रॉलीचा काटा म्हणत होता ९६५. त्यांनी तीस ग्रॅमपर्यंतचा फरक चालवून घ्यायचा ठरवलंय, हा एक्केचाळीस होता.

सुट्या मालाच्या काउंटरवर शिक्का मारलेला काटा आहे. आधी त्याची पाटी बघितली, पडताळणीच्या तिमाहीचं अक्षर आणि वर्ष बरोबर होतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून करून घ्यावी लागते. त्यावर पिशवी ठेवली. ९६६. पिशवी फोडून दाणे वेगळे केले. ९६० ग्रॅम. किलोमागं ४० ग्रॅम कमी. पॅकबंद मालात थोडा कमी-जास्तपणा कायदा धरतो, एक किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅम. चाळीस त्यात बसत नाही.

मालकांचा चेहरा उतरला. ते आत पॅकिंगच्या खोलीत घेऊन गेले. तिथं काट्यावर पिशवीचं तोंड उघडं धरायला प्लॅस्टिकचा एक स्टँड ठेवतात. मी स्टँड उचलून काउंटरवरच्या काट्यावर ठेवला. ४० ग्रॅम. मग उलगडा झाला. रोज सकाळी स्टँड ठेवून टेअर दाबतात, आकडा शून्यावर येतो. या पिशव्या भरल्या त्या दिवशी मधे लाईट गेली, काट्याची बॅटरी उतरलेली, काटा बंद पडला. लाईट आल्यावर मुलानं स्टँड उचलून काटा सुरू केला, शून्य आलं, स्टँड परत ठेवला आणि टेअर दाबायचं राहिलं. तिथून पुढं प्रत्येक पिशवीत ४० ग्रॅम स्टँड आणि ९६० ग्रॅम दाणे. कोणालाही फसवायचं नव्हतं, पण गिऱ्हाईकाच्या घरी दाणे कमीच गेले. रॅकवरून अशा २३ पिशव्या निघाल्या. मालकांनी त्या समोर फोडायला लावल्या आणि पुन्हा भरून घेतल्या. विकल्या गेलेल्यांसाठी दारात पाटी लावली, पिशवी किंवा बिल आणा, दाणे भरून न्या. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून मानतो.

पण ट्रॉलीचं बघा. तिनं चूक पकडली होती. मुलांनी नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की दोन दिवसांत सात गिऱ्हाईकांच्या ट्रॉलीत याच शेंगदाण्यांवर लाल दिवा लागला होता. सातही वेळा गिऱ्हाईकाला सांगण्यात आलं की वस्तू जुळत नाही, आणि सातही वेळा मदतनिसानं ‘मान्य’ दाबून वाट मोकळी केली. त्या सात जणांनी थोडा वेळ चोरासारखं उभं राहून कमी दाण्यांचे पूर्ण पैसे दिले. काटा खरं बोलत होता, पण त्याला एकाच बाजूला बोलायला शिकवलं होतं. दुकानाच्या काट्याचा आकडा गिऱ्हाईकाला दिसला पाहिजे, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. म्हणून तर टेबल काट्याला मागच्या बाजूलाही आकडे असतात. मालक म्हणाले, ट्रॉलीच्या वजनावर आम्ही पैसे घेत नाही, ते फक्त तपासणीसाठी आहे. ते खरं आहे, म्हणूनच त्या काट्यावर शिक्का नाही. तरी तपासणी दोघांची व्हावी. पाकीट जड भरलं तर ‘दुसरी वस्तू आहे का?’ असं विचारा, हलकं भरलं तर ‘पाकीट हलकं आहे, काउंटरवर तपासून घ्या’ असं सांगा. आणि एकाच मालावर तीनदा दिवा लागला तर निरोप मालकांच्या फोनवर गेला पाहिजे. मुलांनी हे तिथंच लिहून घेतलं. त्यातला एक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आमच्या डोक्यात फक्त चोरीच होती काका.”

किमतीचा एक घोळ त्याच फेरीत निघाला. बारकोडमध्ये किंमत नसते. आपल्याकडच्या बहुतेक मालावर ८९० नं सुरू होणारे १३ आकडे असतात, शेवटचा आकडा आधीचे बरोबर वाचले की नाही ते तपासायला, आणि बाकीचे नुसती वस्तू कोणती ते सांगतात. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात २६ जून १९७४ ला च्युइंगमचा पुडा पहिल्यांदा असा स्कॅन झाला तेव्हापासून पद्धत तीच आहे. पण आपल्याकडं प्रत्येक पाकिटावर एमआरपी छापलेली असते, आणि ती बदलली तरी बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यानंतर तर जुन्या-नव्या छापील किमतींचा माल एकाच रॅकवर दिसायला लागला. मी घेतलेल्या टूथपेस्टच्या खोक्यावर ९८ रुपये, ट्रॉलीवर ११०. काउंटरवरच्या मुलीला कॉम्प्युटर विचारतो, कोणती एमआरपी? ती खोक्याकडं बघून निवडते. ट्रॉलीला डोळे नाहीत, तिनं वरची किंमत उचलली. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. उपाय अवघड नाही, दोन्ही किमती स्क्रीनवर दाखवा आणि खोक्यावर असेल ती गिऱ्हाईकाला निवडू द्या. तो बारा रुपयांचा फरक मला लगेच परत मिळाला.

काही गोष्टी चटकन सांगतो. चार आणि नऊ नंबरच्या ट्रॉली डावीकडं ओढतात, चाकात सुतळी गुंतलीय. बॅटरी संध्याकाळी सातनंतर दम सोडते. बेदाणा, गूळ, हळकुंड असा सुटा माल काउंटरवर वजन करून त्याचं स्टिकर लावून घ्यावा लागतो, ते स्टिकर ट्रॉली नीट वाचते. स्क्रीनवरचं मराठी आधी कुणीतरी मशीनकडून करून घेतलं होतं. तूरडाळीला ‘अरहर दाल’, हुलग्यांना ‘कुळथी’. सौ.नं बसून चाळीस-पन्नास नावं दुरुस्त करून दिली, आणि अक्षरं मोठी करायला लावली.

तिसऱ्या फेरीला ती आपणहून आली. पर्ससाठी बाहेरच्या चौकटीवर हुक लागला होता. तिनं पर्स अडकवली, हात झटकला आणि हँडल धरलं. मी पुढं काही बोललो नाही.

त्याच दिवशी या ट्रॉलीची सगळ्यात चांगली बाजू दिसली, आणि ती काट्याची नाही. आमच्या पुढं एक तरुण जोडपं होतं. त्याच्या अंगावर कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट. महिन्याचा किराणा भरत होते. बायको प्रत्येक वस्तू ठेवल्यावर स्क्रीनवरची बेरीज बघायची. १,८६० झाले तेव्हा ती थांबली. तेलाची पाच लिटरची कॅन उचलून परत रॅकवर ठेवली, एक-एक लिटरच्या दोन पिशव्या घेतल्या. बेरीज पुन्हा बघितली. मग नवऱ्याला म्हणाली, “पोराचं बिस्कीट घ्या आता.” त्यांचं बिल दोन हजारांच्या आत बसलं. साध्या काउंटरवर हेच लोक रांगेत उभे असतात, मागं दहा माणसं, आणि बेरीज दोन हजारांच्या वर गेली की एखादी वस्तू ‘राहू दे’ म्हणून बाजूला काढतात. ती वेळ ज्याच्यावर आली असेल त्यालाच कळेल. इथं ती बाई मान वर करून बाहेर गेली. ही बेरीज मोठ्या अक्षरांत, कायम दिसत राहिली पाहिजे. सध्या मधेमधे तिच्यावर जाहिरात येते. ती बंद करा, असं मी कागदावर पहिल्या नंबरला लिहून दिलंय.

काउंटरवरच्या मुलींचं विचारलं. चार होत्या, आता दोन काउंटर चालतात. दोघी ट्रॉलीच्या मदतीला फिरतात. त्यातल्या एकीला मी विचारलं, तुला बरं वाटतं का? म्हणाली, “बसून पाठ दुखायची काका, आता पाय दुखतात. पण माणसं बोलतात आमच्याशी.” पगार तोच आहे, हे मालकांकडून खात्री करून घेतलं. ट्रॉली वाढल्या तरी या मुली तिथं असाव्यात असं मला फार वाटतं. माझ्या वयाच्या माणसांना लाल दिव्यापेक्षा “काय झालं काका?” हे बरं पडतं.

हलक्या पाकिटाचा नवा निरोप आता सुरू झालाय. त्या दिवशी एका बाईंना मटकीच्या पाकिटावर तो आला. त्या सरळ काउंटरवर गेल्या, शिक्क्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, ५०३ ग्रॅम निघालं. पाकीट बरोबर होतं, ट्रॉलीच तिरपी उभी होती. त्या हसून परत आल्या. कुणी वळून बघितलं नाही.

एकच गोष्ट राहिलीय. वजनाचा आकडा अजून स्क्रीनवर कायम दिसत नाही, फरक पडला तरच दिसतो. मी म्हटलंय, प्रत्येक वस्तूला दिसू दे. मुलं म्हणतात पुढच्या महिन्यात करतो. मी वजनं घेऊन जाणारच आहे. तोवर तुम्ही गेलात तर दुपारी जा, बॅटरी भरलेली असते, आणि सहा नंबरची ट्रॉली घ्या. तिची चाकं सरळ चालतात आणि चारही कोपरे मी स्वतः लावलेत.